टेप आमचा, हात तुमचा

त्या रविवारी साइटवर एक कमान होती, चौदा झेंडे, एक मंडप, साठ खुर्च्या, पाण्याचे दोन जार, नारळांचं एक पोतं आणि चुना मारलेले दगड. दगडही मी मोजले. ओळी तीन. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी सोळा दगड, म्हणजे पंधरा प्लॉट. तिन्ही ओळींचे पंचेचाळीस. कमानीला लागून एक प्लॉट ओळीबाहेर होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड, भोवती काटेरी तार आणि आत सिमेंटचा एक बाक. तो कडुबामामाचा. एकूण सेहेचाळीस प्लॉट. मोजायचा टेप एक.

हे सगळं ज्या जमिनीवर मांडलं होतं ते माझ्या आजोबांचं शेत. फुलंब्री रस्त्याला, सावंगीच्या पुढे. आजोबा गेले तेव्हा आईने हक्कसोडपत्रावर सही केली, म्हणजे आपला वाटा भावाला सोडून दिला. आमच्याकडे बहिणी अशी सही करतात आणि साडी घेऊन सासरी परततात. आईला जांभळी मिळाली होती. पुढे मामाने शेत राजकुमार शेठला विकलं, राजकुमारने ते एनए, म्हणजे बिगरशेती, करून घेतलं आणि प्लॉट पाडले. आता आई त्याच शेतातला एक तुकडा विकत घेत होती. शहरात टीव्ही सेंटरजवळ विद्यार्थ्यांचे डबे करून साठवलेल्या पैशाने. आणि मामा ज्याला त्याला सांगत होता, "माझ्यामुळं बहिनीला जागा मिळायली."

मला ह्याचा राग होता. पण तो जुना होता आणि आईने मला तो बोलू दिला नव्हता.

तिला फक्त एक गोष्ट हवी होती. बाबा गेल्यापासून आम्ही पाच घरं बदलली. पाचही वेळा घरमालकाने दारात उभं राहून, आत न येता, जागा खाली करा म्हणून सांगितलं. "मला आता कुनी जागा खाली करा म्हनू नये," आई म्हणायची. "तीस बाय पन्नास. माझ्या नावावर. बास."

ह्यासाठी ती वर्षभर शिकत होती. कणीक मळताना मोबाइल डब्याला टेकवून नवीन गुंतवणूकदारांसाठीचे व्हिडिओ बघायची. रस्ता किमान नऊ मीटर हवा, कोपऱ्याचा प्लॉट महाग पडतो, सातबारावर बोजा आहे का बघायचं, एनएचा आदेश खरा का खोटा ते तहसीलला जाऊन विचारायचं. ती खरोखर विचारून आली होती. कागद स्वच्छ होते. हे मी आजही कबूल करते, राजकुमारच्या कागदांत खोट नव्हती.

राजकुमार माइक घेऊन उभा होता. पांढरा शर्ट, पांढरे बूट, मुरुमाची धूळ असूनही पांढरे.

"नवीन मानसानं प्लॉट घेताना पाच गोष्टी बघायच्या. एक, रस्ता. दोन, पाणी. तीन, कागद. चार, शेजार. अन पाचवी कोन सांगंल?"

"माप!" मंडपातून पाचसहा जण ओरडले. आईसुद्धा.

"शाब्बास! ताईला एक नारळ द्या. बघा, मी बोललो म्हनून भरोसा ठेवू नका. माझ्या बापावर पन ठेवू नका. स्वतः मोजा. टेप आमचा, हात तुमचा!"

लोक हसले. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाई हसल्या नाहीत. त्या मालनबाई, दवाखान्यात आया होत्या. दुसऱ्या ओळीतला प्लॉट त्यांनी आधीच घेतला होता, पाया भरला होता, आणि बांधकामावर लक्ष ठेवायला तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या.

"लई ग्वाड बोलतो," त्या म्हणाल्या. "मला पन नारळ दिला व्हता. खवट निघाला."

मग मोजणी सुरू झाली. त्याची एक चाल आहे. टेपाच्या टोकाला लोखंडी कडं असतं. ते घेणाऱ्याच्या बाजूच्या वडीलधाऱ्याने मुठीत धरून दगडावर टेकवायचं. शेतात साखळीने मोजत होते तेव्हापासूनची ही रीत. त्याने कडं धरलं की माप मान्य. नंतर कुणी फिरून विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे त्या माणसाच्या हातावर शंका घेणं. राजकुमारने ह्या रिवाजाचाच धंदा केला होता. येणारे निम्मे लोक मामाच्या ओळखीचे. कुणाचा भाऊ सोबत नसला, कुणाचा सासरा म्हातारा असला, की राजकुमार म्हणायचा, "मामा धरतील ना." आणि कडुबामामा धोतर सावरत पुढे व्हायचा. त्या दिवशी आईच्या आधी चार प्लॉट मोजले. चारही वेळा कडं मामाच्या मुठीत होतं आणि आकडा राजकुमारच्या तोंडात.

आईच्या प्लॉटवर मामाने कडं टेकवलं. राजकुमार टेप उलगडत दुसऱ्या दगडापर्यंत गेला.

"तीस!"

मग आतल्या बाजूला.

"पन्नास! सुलेखाताई, अभिनंदन! उद्या सकाळी इथंच नारळ फोडू अन सगळे मिळून रजिस्ट्रीला जाऊ."

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मात्र टेपाकडे बघत होते. वाळूजच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी नोकरी करते. कारखान्यांची मोजायची साधनं अचूक आहेत का ते आम्ही तपासतो. टेप आला की सगळ्यात आधी त्याचं टोक बघायचं, कारण टेप तुटतो तो टोकालाच. राजकुमार त्याचा कापडी टेप गुंडाळत होता. शेवटची पट्टी आत जाताना मला कड्याच्या अलीकडे, एका फुटावर, लाल आकडा दिसला. तिथे एक असायला हवा होता. तीन होता.

"थांबा," मी म्हणाले. "टेप जरा दाखवता का?"

राजकुमारने डबी खिशात घातली. "का हो मॅडम?"

"टोक बघायचंय."

"टोक मामांच्या हातात व्हतं."

मंडपाकडे निघालेले लोक थांबले. मामा माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा इतका पटकन लाल झालेला मी आधी बघितला नव्हता.

"काय म्हनायलीस तू? माझ्या हातावर शंका?"

"हातावर नाही मामा, टेपावर."

"टेप कुनाच्या हातात व्हता मग? भुताच्या? चार बुकं शिकली तर मामाला चोर ठरवायली! सुलेखे, ही पोरगी तुझी का आणिक कुनाची?"

"तनू, गप," आई म्हणाली.

"आई, टेप दोनपासून सुरू होतो. कडं कापून पुढे लावलंय. दोन फूट—"

"तनू, गप म्हनलं ना!"

लोकांसमोर तिने माझ्यावर आवाज चढवायची ती पहिली वेळ. राजकुमार मात्र शांत होता, हसत होता. त्याने आणखी एक नारळ आणून आईच्या पिशवीत घातला.

घरी परतताना रिक्षात आई नारळांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. हर्सूल आलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली.

"दादाची मान खाली घातलीस."

"त्याने तुझी घातली त्याचं काय? सही घेतली तेव्हा विचारलं होतं का, सुले, तुला काही हवंय का म्हणून?"

"ती रीत हाय."

"कडं धरायची पण रीतच आहे!"

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी ओरडत होते आणि मला थांबता येत नव्हतं. "वर्षभर व्हिडिओ बघितलेस. तहसीलला तीन खेटे घातलेस. कागद सगळे तपासलेस, एकावर विश्वास टाकला नाहीस. आणि जमीन? जमीन मोजायची वेळ आली तर भाऊ आहे ना! दोन फूट इकडून, दोन फूट तिकडून. किती जागा जाते माहितीय? एक अख्खी खोली जाते, आई. तू त्या खोलीचे पैसे देणार आहेस."

"अन तुझी चूक निघाली तर?"

हा प्रश्न योग्य होता. एकदा, चालत्या टेपावर, अंतरावरून बघितलेला आकडा. त्यावर मी लॅबमध्ये सही केली नसती.

"तर मामाच्या पाया पडेन. सगळ्यांसमोर. पण उद्या रजिस्ट्रीच्या आधी मला मोजू दे."

तिने रिक्षावाल्याला पुढचं वळण दाखवलं.

सोमवारी उजाडताच मी साइटवर पोचले. लॅबचा तीस मीटरचा पोलादी टेप साहेबांना सांगून आणला होता. त्याच्यावर फूट-इंचही होते आणि डबीवर तपासणीचं लेबल. मालनबाई शेडच्या दारात दात घासत होत्या.

"मावशी, तुमचा प्लॉट मोजू का?"

"माझा मोजलाय की. त्या मामानं धरलं व्हतं."

"म्हणूनच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चूळ भरून आल्या. मी त्यांना टेपाचं टोक दाखवलं, शून्य कुठे आहे ते दाखवलं, आणि ते दगडाच्या खुणेवर धरायला लावलं. मी पलीकडे गेले. टेप ताणला. वाचला. पुन्हा वाचला. मग जागा बदलून मी टोक धरलं आणि त्यांना वाचायला लावलं.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "पुढचे बारके दांडे कशाचे गं?"

"इंचांचे. किती आहेत?"

"एक पन नाय. नुसते अठ्ठावीस."

लांबी अठ्ठेचाळीस भरली. मालनबाई पायाच्या दगडांवर बसल्या.

"मिस्त्री म्हनत व्हता," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हनला, बाई, नकाशातला जिना जागेत बसंना. मी म्हनलं, तू इटा खाल्ल्यास. चोर म्हनलं त्याला. पोराबाळांसमोर चोर म्हनून हाकलला. तीन महिने झाले, दुसरा मिस्त्री मिळंना मला." त्यांनी हातातला ब्रश दूर फेकून दिला. "अन हा मुडदा मला नारळ देतो! खवट नारळ!"

मग आम्ही दोघींनी आईचा प्लॉट मोजला. अठ्ठावीस. अठ्ठेचाळीस. त्यानंतर अख्खी ओळ मोजली: चारशे वीस फूट. तिच्यात तीस फुटांचे चौदा प्लॉट बसतात. पाडलेले पंधरा. हे गणित मी मालनबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर एकदा करून बघितलं आणि मग अशा शिव्या दिल्या की कमानीवरचे पारवे उडाले.

नऊला गाड्या आल्या. चार कुटुंबं, आई, मामा, राजकुमार. मामाने पांढरा फेटा बांधला होता. मी कुणाला नमस्कार केला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी आकडे सांगितले.

राजकुमार आधी हसला. "मॅडम, तुम्ही सायन्स शिकल्यात ना? लोखंड उन्हात वाढतं. टेप लांबला की माप कमी दाखवतो. बेसिक गोष्ट हाय."

"बरोबर," मी म्हणाले. "पन्नास फुटांत, एवढ्या उन्हात, दोन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. दोन फूट नाही. तुमचा टेप काढा. दोन्ही शेजारी शेजारी लावू."

"टेप ऑफिसात हाय."

"खिशात फुगलंय ते काय मग, गळू?" मालनबाई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. पळशीचे एक शिक्षक होते, पुंजाराम गुरुजी. त्यांचा प्लॉट त्या दिवशी रजिस्टर व्हायचा होता. ते पुढे झाले आणि राजकुमारसमोर हात पसरून उभे राहिले. हात मागे घेतला नाही. शेवटी राजकुमारला डबी द्यावी लागली. गुरुजींनी कडं ओढून पट्टी बाहेर काढली. कड्याजवळ कापड दुमडून काळ्या दोऱ्याने शिवलं होतं. शिवणीतून दोनचा आकडा अर्धा दिसत होता.

"टेप तुमचा," मालनबाई राजकुमारला म्हणाल्या, "अन हात आमचा. आता हात बघ."

त्यांच्याआधी मामा धावला. त्याने राजकुमारची कॉलर धरली. "हरामखोर! माझ्या हातानं गाव लुटलंस! माझ्या सख्ख्या बहिनीला लुटलंस!" फेटा सुटून खाली पडला. दोघा-तिघांनी त्याला मागे ओढलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तो छाती बडवत होता. "मला काय ठावं! मी इस्वासानं मूठ आवळली. मी पन लुटलो गेलो! माझा प्लॉट पन ह्याच टेपानं मोजलाय. माझे पन दोन-दोन फूट गेले! चला, पोलिसात चला. म्होरं मी चालतो!"

लोक त्याच्याभोवती जमले. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एका बाईने फेटा उचलून झटकला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. काही क्षणांत मामा लुटलेल्यांचा पुढारी झाला होता. राजकुमार गाडीला टेकून त्याच्याकडे बघत होता, आणि कॉलर फाटली असूनही तो मामावर चिडलेला दिसत नव्हता. हे मला खटकलं. पण मी काही बोलायच्या आत आई पुढे आली.

"दादा," ती म्हणाली, "कडं धरलंस तवा ते शिवलेलं हाताला लागलं नाय का रे?"

"न्हाय लागलं गं! बापाची आन!"

"दर वेळी न्हाय लागलं?"

"सुले, तू पन?"

आईने त्याच्या मुठीकडे बघितलं. मी तिला ओळखते. एखादा पोरगा डब्याचे पैसे दिले म्हणून सांगतो आणि दिलेले नसतात, तेव्हा ती अशीच त्याच्या हाताकडे बघते.

"न्हाय रे," ती म्हणाली. "तक्रार करायची तर सगळ्यांची मापं लागतील. तुझं पन नुकसान झालंय ना? तनू, दादाचा मोज."

मामा खुर्चीतून उठला. "माझं ऱ्हाऊ दे. मी म्हातारा मानूस, मी सोसतो. आधी ह्या लेकरांचं बघा."

"का सोसायचं?" गुरुजी म्हणाले. "मामा, तुमचं माप तर पहिलं लागेल. तुम्ही साक्षीदार."

"तारंचं कुंपन हाय. टेप अडकंल."

"दगड कुंपणाच्या बाहेर आहेत," मी म्हणाले.

"बहिनीनं भावाचं मोजायचं? कुठं घडलंय असं?" त्याचा आवाज आता वेगळा होता, बारीक आणि चिरका. "बापाच्या शेतात, बापाच्या मातीवर, तू माझ्या जागंवर टेप टाकनार? साडी दिली तवा—"

"ती जांभळी साडी," आई म्हणाली, "मी नेसले न्हाय कधी. पेटीत हाय. घेऊन जा."

तिने माझ्या हातातून टेपाचं टोक घेतलं. कमानीपर्यंत चालत गेली. सगळे तिच्या मागे गेले. मामा नाही गेला. तो खुर्चीपाशीच उभा राहिला, हातात सुटलेला फेटा घेऊन. राजकुमारने गाडीचं दार उघडलं तेव्हा मालनबाई जाऊन त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

पहिल्या दगडापाशी आई गुडघ्यांवर बसली. तिने कडं मुठीत धरलं नाही. दोन बोटांत धरलं, शून्याची रेघ दगडावरच्या खुणेवर ठेवली आणि खाली वाकून, डोळा बारीक करून, ती बरोबर बसली का ते बघितलं.

"बसली," ती म्हणाली. "ओढ."

मी कुंपणाच्या बाहेरून दुसऱ्या दगडापर्यंत गेले. टेप ताणला. वाचला. गुरुजींना वाचायला लावला. मग आम्ही कोपरा वळलो, आईने पुन्हा शून्य बसवलं, पुन्हा वाकून बघितलं, आणि मी पुन्हा ताणला.

"किती?" आईने विचारलं.

रुंदी तीस फूट, शून्य इंच. लांबी पन्नास फूट, शून्य इंच.